गंज पेठेतले घर : महात्मा जोतीराव फुले



आपल्या पांढुर्णा-सौंसरकडून पुण्याला जाणे आता काही नवलाचे राहिलेले नाही. घरटी एखादा मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला आहेच. नागपूर गाठायचे, रात्रीची गाडी धरायची, की सकाळी पुणे. आमचाही मुलगा तिथेच. मागच्या हिवाळ्यात सौ. आणि मी महिनाभर त्याच्याकडे राहिलो. शनिवारवाडा, दगडूशेठ गणपती, आळंदी हे सगळे आधीच्या फेऱ्यांमध्ये झाले होते. या वेळी पाचवीतल्या नातीला शाळेतून एक प्रकल्प मिळाला होता. शहरातले एक जुने घर बघायचे आणि त्यात कोण राहत होते त्याची माहिती लिहून आणायची. मुलगा-सून कामावर, म्हणून ही जबाबदारी आजोबांकडे आली. घर कोणते ते मीच ठरवले. गंज पेठेतला फुले वाडा.

आपण मध्य प्रदेशातले मराठी लोक. घरात मराठी, शाळेत हिंदी. जोतीराव फुले हे नाव मला शाळेत नीट भेटलेच नाही. ११ एप्रिलला माळी समाजाच्या मंडळींकडे फोटोला हार घातलेला दिसायचा, तेवढीच ओळख. पुढे बँकेच्या नोकरीत आयुष्य गेले. निवृत्त झाल्यावर सवडीने वाचायला लागलो, तेव्हा जोतीरावांची पुस्तके हातात आली. त्यामुळे हे घर बघायचे मनात होतेच.

गंज पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. भोवती दाट वस्ती, दुकाने, गाड्यांचा गोंगाट. या सगळ्यात हा वाडा बसलेला आहे. वाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चौसोपी, दुमजली इमारत येते. तसे काही इथे नाही. उतरती कौले, लाकडी खांब, ओसरी, बेताच्या खोल्या, अंगण आणि विहीर. एखाद्या बऱ्या परिस्थितीतल्या बागायतदाराचे घर असावे तसे. महाराष्ट्र शासनाने ते संरक्षित स्मारक केले आहे, दुरुस्ती करून नीट राखले आहे. या जागेला समता भूमी असेही म्हणतात. अंगणात तुळशीवृंदावन आहे, तीच जोतीरावांची समाधी.

नात वहीत खोल्या मोजून लिहीत होती. मी ओसरीवर बसलो आणि आठवू लागलो की या माणसाच्या आयुष्यातल्या किती गोष्टी घराशीच जोडलेल्या आहेत. घरातून बाहेर पडावे लागणे, घरात शाळा भरवणे, घरात परक्यांना आसरा देणे, घरचे पाणी मोकळे करणे आणि शेवटी घर कोणाच्या नावे करायचे ते ठरवणे. त्याच क्रमाने त्यांची हकिकत सांगतो.

बापाचे घर

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुण्यात आल्यावर फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडले. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. जोतीराव वर्षभराचे होते न होते तोच आई गेली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या विधवा बाईने त्यांना सांभाळले. मिशनरी लोकांच्या घरी काम केल्यामुळे सगुणाबाईंना शिक्षणाची किंमत कळत होती.

थोडे शिक्षण झाल्यावर गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात लावले. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे आजूबाजूचे लोक त्यांच्या मनात भरवत होते. जोतीराव १३ वर्षांचे असताना, १८४० मध्ये, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या सावित्रीशी त्यांचे लग्न झाले. तिचे वय ९. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे साहेब या दोघांनी मुलाची हुशारी पाहिली आणि गोविंदरावांची समजूत काढली. म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. एक मुसलमान शेजारी आणि एक ख्रिस्ती शेजारी यांनी मध्ये तोंड घातले नसते, तर आपल्याला ते माहीतही झाले नसते.

शाळेत सदाशिव गोवंडे, मोरो वाळवेकर, सखाराम परांजपे असे जिवाभावाचे ब्राह्मण मित्र मिळाले. टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचनात आले. मग १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असताना, शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस, असा त्यांचा अपमान झाला. घरी आल्यावर वडिलांनी समजावले की जुना काळ असता तर शिक्षा झाली असती, थोडक्यात सुटलास. वडिलांनी आपल्या परीने खरे तेच सांगितले. पण मुलाने त्यातून वेगळाच धडा घेतला. जे आपल्याला आज सोसावे लागले, ते आपल्यापेक्षा खालचे मानलेल्यांना आणि बायकांना रोजच सोसावे लागते, हे त्यांच्या लक्षात आले. यावर औषध शिक्षण, आणि सुरुवात मुलींपासून.

अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहून घेतली होती. सावित्रीबाईंना घरी शिकवले. आणि त्याच १८४८ साली बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळेला जागा ब्राह्मणाने दिली आणि शिव्या देणाऱ्यांतही ब्राह्मण पुढे होते, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या शाळेत बदलायला दुसरे लुगडे बरोबर नेत.

लोकांनी गोविंदरावांवर दबाव आणला. शाळा सोड नाहीतर घर सोड, असे त्यांनी मुलाला सांगितले. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई घराबाहेर पडले. ते २२ वर्षांचे, त्या १८ च्या. आसरा दिला उस्मान शेख यांनी. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या.

इथे मी नातीला एवढेच सांगितले की ज्या माणसाचे हे घर बघायला आपण आलो, त्याला एके काळी स्वतःचे घर नव्हते. तिने ते वहीत लिहून घेतले.

घरातली शाळा

१८५१ मध्ये त्यांनी पुन्हा जोमाने काम धरले. जुलैत चिपळूणकरांच्या वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत अशा मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळी शाळा काढली, कारण दुसरी कोणतीही शाळा त्यांना आत घेत नव्हती. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला. तेव्हा ते जेमतेम २५ वर्षांचे होते.

पण दिवसा शाळेत येणार कोण? शेतमजूर, कामकरी, त्यांच्या बायका दिवसभर राबणार. म्हणून १८५५ मध्ये जोतीरावांनी आपल्याच घरी रात्रीची शाळा सुरू केली. नवराबायको मिळून शिकवत. दिवसभर वावरात काम करून आलेल्या माणसाला रात्री दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवायला बसवणे किती कठीण, हे आपल्याकडे प्रौढ शिक्षणाच्या वर्गांवर ज्यांनी काम केले त्यांना विचारा.

दुसऱ्या वर्षीची, १८५६ ची, हकिकत चरित्रकार सांगतात. रात्री दोन माणसे त्यांना मारायला घरात शिरली. एकाचे नाव रोडे, दुसरा धोंडीराम कुंभार. जोतीराव जागे झाले. तुम्ही कोण, मी तुमचे काय बिघडवले, असे त्यांनी विचारले. आम्हाला तुमच्या खुनाची सुपारी मिळाली आहे, असे त्यांनी सांगितले. गरिबांसाठीच झटतो आहे, माझ्या मरणाने तुमचे भले होत असेल तर घ्या, अशा अर्थाचे जोतीराव बोलले. दोघे वरमले. रोडे त्यांचा रखवालदार झाला. धोंडीराम रात्रशाळेत शिकला आणि पुढे सत्यशोधक समाजाचा पंडित म्हणून नावाजला. मारायला आलेला माणूस त्याच घरात विद्यार्थी म्हणून बसला.

आसऱ्याचे घर

त्या काळी मुली लहानपणीच विधवा होत. उच्चवर्णीयांत पुनर्विवाहाला बंदी. कुणाच्या फसवणुकीने किंवा जबरदस्तीने अशी मुलगी गरोदर राहिली की तिच्यापुढे दोनच वाटा, स्वतःचा जीव द्यायचा किंवा बाळाचा घ्यायचा. गोवंड्यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेने असेच आपले बाळ मारले. न्यायालयाने तिला काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्याने तिला फसवले त्याला काहीच झाले नाही.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. अशा बायकांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे तर न्यावे, नाहीतर ठेवून जावे. तशा जाहिराती पुण्यात लावल्या. बाळंतपणे सावित्रीबाई करीत. १८८४ पर्यंत पस्तीसच्या आसपास बायका तिथे येऊन गेल्या. यातल्या बहुतेक त्याच ब्राह्मण घरांतल्या, जिथून या जोडप्याला शिव्याशाप मिळत होते. हिशेब काढून माणुसकी करणारा हे करू शकला नसता.

स्वतःला मूल नव्हते. दुसरे लग्न कर, असे घरच्यांनी सुचवले, ते जोतीरावांनी नाकारले. पुढे १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला त्यांनी आत्महत्या करताना अडवून घरी आणले. तिला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत.

घरचे पाणी

१८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. चरित्रात हे एका वाक्यात येते. पण वाड्याच्या अंगणात उभा राहिलो आणि मला माझे आजोळ आठवले.

सौंसरजवळच्या एका गावात माझे आजोळ. परसात गोड्या पाण्याची विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी. दुपारी वस्तीकडच्या बाया घागरी घेऊन यायच्या आणि काठापासून लांब थांबायच्या. आजी किंवा मामी पोहऱ्याने पाणी काढायची आणि वरून त्यांच्या घागरीत ओतायची. भांड्याला भांडे लागू द्यायची नाही. आजी प्रेमळ होती. कोणाला तहानलेले परत पाठवले नाही, याचा तिला अभिमान होता. त्या बाया तासन् तास उन्हात वाट बघत उभ्या असत आणि कोणी बाहेर येईपर्यंत त्यांना पाण्याला हात लावता येत नसे, हे तिला कधी खटकले नाही. मलाही नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, त्याच विहिरीत पोहायला शिकलेला. हे साधारण १९६८-६९ चे साल असेल. म्हणजे जोतीरावांनी हौद मोकळा केल्याला १०० वर्षे होऊन गेली होती.

पाणी देणे आणि पाणी मोकळे करणे यात फरक आहे. माझी आजी पाणी देत होती. जोतीरावांनी ते मोकळे केले, म्हणजे येणाऱ्याला त्यांच्या मेहरबानीची गरज उरली नाही. हे मला साठी उलटल्यावर, दुसऱ्याच्या अंगणात उभे राहिल्यावर समजले.

धंदा आणि शेतकरी

मी बी.कॉम., त्यातून बँकेतला. त्यामुळे हा सगळा खर्च कशातून चालत होता, हा प्रश्न मला पडलाच. पुष्कळांना वाटते की जोतीराव देणग्यांवर जगले. तसे नाही. ते धंदेवाईक कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांचा वाटा होता. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरवला, कात्रजच्या बोगद्याचे आणि येरवड्याच्या पुलाचे काम केले. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची विक्री केली, भाजीपाल्याचा व्यापार केला, मांजरीला शेती केली. कमावलेला पैसा या घरात आणि या घरातून बाहेर गेला.

कंत्राटे घेतल्यामुळे मजूर, इंजिनियर, कारकून यांचे व्यवहार त्यांनी जवळून पाहिले. त्यातूनच त्यांचे लिखाण आले. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा पोवाडा, १८७३ मध्ये गुलामगिरी. गुलामगिरी हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. पुण्याच्या गंज पेठेत बसून हा माणूस अमेरिकेतल्या शेतमळ्यांवर राबणाऱ्या काळ्या माणसांशी आपल्या लोकांचे नाते जोडत होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे साधे सूत्र. त्याच डिसेंबरात भटजीशिवाय, पानसुपारीच्या खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लागले. आपल्याकडे लग्नासाठी वावर गहाण टाकणारे बाप मी बँकेत पाहिले आहेत, म्हणून हा पानसुपारीचा खर्च मला महत्त्वाचा वाटतो.

१८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय सत्यशोधकांनी केली. १८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला १००० रुपये मंजूर करण्याचा ठराव आला. ३२ सभासदांत विरोधात एकटे जोतीराव. हा पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले आणि १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. सरकार शेतकऱ्याच्या घामाचा पैसा घेऊन वरच्यांची कॉलेजे चालवते आणि खेड्यातली शाळा ओस ठेवते, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

आणि १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड. आपल्यासारख्या संत्रा-कपाशीच्या मुलखातल्या प्रत्येक घरात हे पुस्तक असायला हवे. शेतकरी कर्जात का बुडतो, कागदावर काय लिहिले ते त्याला कळत नाही म्हणून सावकार, कुळकर्णी आणि कचेरीतले कारकून त्याला कसे नाडतात, हे त्यात ओळीने मांडले आहे. नुसती रड नाही, उपायही आहेत. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून ठिकठिकाणी ताली-बंधारे घाला, फावल्या वेळात सैन्य आणि पोलिसांकडून ती कामे करून घ्या, चांगल्या जातीची जनावरे आणा, शेतीची प्रदर्शने भरवा, शेतकऱ्याच्या पोरांना शिकवा. आज पाणलोट विकासाच्या नावाने जे सांगितले जाते, ते त्यांनी १४० वर्षांपूर्वी लिहून ठेवले.

ते पुस्तक वाचताना मला एक जुनी गोष्ट बोचली. ती इथे सांगून टाकतो. खेड्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे काम बघत होतो. एका शेतकऱ्याने संत्र्याच्या बगीच्यासाठी कर्ज घेतले. त्याचा साळा जामीनदार. मार्च महिना, समोर गर्दी. मी कागद भरले, ऋण पुस्तिका तपासली, फुल्या मारल्या आणि त्या फुल्यांवर दोघांचे अंगठे घेतले. वाचून दाखवले नाही. दोन वर्षे पीक गेले, खाते थकले. नोटीस जामीनदारालाही गेली. तो नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याची समजूत अशी होती की त्याने नुसती साक्ष दिली. मी फाइल काढली आणि त्याला त्याचाच अंगठा दाखवला. तो काही बोलला नाही. पागोटे सावरले आणि गेला. पुढे त्याने बैलजोडी विकून पैसे भरले.

नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. पण असूडातल्या कारकुनाचे वर्णन वाचताना मला तो माणूस नजरेसमोर आला. त्या वर्णनातला कारकून कोणत्या जातीचा होता, यावर लोक वाद घालतात. माझ्यापुरते उत्तर मिळाले. टेबलाच्या ज्या बाजूला अक्षर असते त्या बाजूला बसणारा कोणीही तो होऊ शकतो. मीही झालो होतो.

घर कोणाच्या नावे

मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. तिथे जोतीराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हिंदुस्थानची खरी प्रजा अशी आहे, हे राणीच्या मुलाला ऐकवून आले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी मोठी सभा घेऊन त्यांना महात्मा ही पदवी दिली. ती सरकारने दिलेली नव्हती, कष्टकरी लोकांनी दिलेली होती.

त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम घोले यांनी उपचार केले. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि १८८९ मध्ये सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. ते त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापून निघाले. याच आजारपणात, फेब्रुवारी १८८९ मध्ये, यशवंतचे लग्न ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले.

धंदा थांबला होता, पैसा संपत आला होता. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मदतीसाठी लिहिले. मदत मिळाली, पण जोतीरावांच्या पश्चात.

१८८७ मध्येच त्यांनी मृत्युपत्र करून नोंदवले होते. नोकरीत मी शेकडो मृत्युपत्रे वाचली. बहुतेकांत कोणाला काय द्यायचे नाही, यावरच जास्त शाई खर्च झालेली असते. जोतीरावांनी सगळे यशवंतला दिले, भावकीला नाही. ज्या मुलाचा बाप कोण हे जग विचारत होते, त्याला कायद्याने आपला वारस केला. त्यावर अटही घातली. यशवंत शिकला नाही, वाया गेला, तर मिळकत शूद्र समाजातल्या दुसऱ्या लायक मुलाला द्यावी. म्हणजे रक्ताचा हक्क त्यांनी भावाच्या मुलांना दिला नाही आणि दत्तक मुलालाही आयता दिला नाही. यशवंत डॉक्टर झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. वय ६३. देह जाळू नये, मिठात घालून घरामागे पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. खड्डाही खणून ठेवला होता. राहत्या जागेत दफनाला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. अस्थी घरी आणून ठेवल्या. तेच अंगणातले वृंदावन.

सावित्रीबाई नंतर सहा वर्षे जगल्या. १८९७ च्या प्लेगात यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना, मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर आणले आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे यशवंतही अकाली गेला. ज्या घराने इतक्यांना सांभाळले ते घर कुटुंबाच्या हातून गेले. ते पुन्हा स्मारक म्हणून उभे राहायला बरीच वर्षे जावी लागली. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्र कोण होते हा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला ते त्यांना गुरू मानत.

वाड्यातून निघालो आणि नातीला बुधवार पेठेत घेऊन गेलो. दगडूशेठ गणपतीसमोरच भिडे वाडा होता. तो वर्षानुवर्षे मोडकळीला आला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. नातीने विचारले की शाळा का नाही राखली. मला उत्तर देता आले नाही. ती ज्या शाळेत जाते तिचा पाया इथे आहे, एवढे तिला सांगितले.

तिच्या प्रकल्पाला वर्गात शाबासकी मिळाली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने घराचा नकाशा काढला होता. खोल्या, ओसरी, विहीर, वृंदावन. प्रत्येक जागेपुढे तिथे कोण कोण आले असेल ते तिने आपल्या अंदाजाने लिहिले होते. रात्री शिकणारे मजूर, बाळंतपणाला आलेल्या बाया, पाणी भरायला आलेले लोक. घराच्या मालकांची नावे अगदी शेवटी. मला ते बरोबर वाटले.

मंडळींना दोन विनंत्या. पुण्याला मुलाबाळांकडे जाल तेव्हा एक सकाळ या वाड्यासाठी ठेवा. मुलांना बरोबर न्या, तासाभरात पाहून होते. आणि ११ एप्रिलला आपल्याकडे कार्यक्रम होईल तेव्हा तो कोणा एका समाजाचा समजून बाकीच्यांनी घरी बसू नये. मी तरी आता बसणार नाही. पांढुर्ण्याच्या बाजारातून परतताना ज्यांना कागद वाचता येत नाही असे कोणी भेटले, तर तो कागद त्यांना सावकाश वाचून दाखवतो. निवृत्त माणसाला वेळ असतो. जे काम टेबलामागे बसून करायचे राहिले, ते आता ओट्यावर बसून करतो आहे.